इफ्तारच्या आधीचा डोस

"हात हलला," मन्नूबिया म्हणाली. "अल्लाशपथ, हलला. हे बघा, पुन्हा."

डॉक्टर यामिना नुकतीच ड्यूटीवर आली होती. कोटाची एकच बाही चढवली होती. ती तशीच खाटेपाशी गेली.

तिच्या नवऱ्याचा, ख्मैसचा उजवा हात चादरीवर पडला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं एकदम आत ओढली जात, सुटत, पुन्हा ओढली जात.

"गाठ मारतायत," मन्नूबिया म्हणाली. "जाळ्याची. लग्न झाल्यापासून बघतेय मी, अशीच मारतात. झोपेतसुद्धा." ती पिशवीत मोबाइल शोधू लागली. "पोरांना सांगते. म्हणावं, बाबा जाळं दुरुस्त करायला बसले."

"थांबा मावशी. जरा थांबा."

पायात माशाचा काटा मोडला, जखम चिघळून जंतू रक्तात भिनले, किडन्या बंद पडल्या, तेव्हापासून तो डोळे मिटून होता. झोपेची औषधं थांबवूनही जागा होत नव्हता. आज सगळे त्याच्या एका हालचालीची वाट बघत होते.

यामिनाने त्याचा हात हातात घेतला. "काका, माझा हात दाबा बघू."

बोटं तिच्या तळव्यात उडत राहिली. तिने तो हात घट्ट धरला तरी थांबली नाहीत. दाबलं मात्र नाही. तिने एक पापणी वर केली. बुबुळ तिच्याकडे नव्हतं, दिव्याकडेही नव्हतं.

"डॉक्टर!" आतल्या खोलीतून लसादची हाक आली. लसाद या वॉर्डातला सगळ्यात जुना परिचारक. "रोजा सोडायची तोफ होईल आता. लवकर या, नाहीतर तुमच्या तळलेल्या ब्रीकमधलं अंडं माझ्या पोटात जाईल. मग रडू नका."

यामिनाने ख्मैसचा हात चादरीवर ठेवला. खाटेच्या पलीकडे डायलिसिसचं यंत्र होतं. पडदा काळा होता. त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

"लसाद, हे कधीपासून बंद आहे?"

"कालपासून." तो दारात आला. हातात खजुराची बशी होती. "गाळणी तुंबली, रक्त गोठलं तिच्यात. नवी ट्यूनिसहून निघालीय म्हणे. सकाळच्या डॉक्टरांनी दोनदा फोन केला."

तिने वर पाहिलं. सलाईनच्या खांबावर अँटिबायोटिकची लहानशी बाटली लटकत होती. निम्मी रिकामी.

"आणि हे?"

"ते तर रोजचंच. तोफेच्या आधी सगळ्यांचं लावून टाकलं, म्हणजे जेवताना उठायला नको. पहाटे सहरीचंही वेळेत लावलं, दुपारचंही." तो किंचित हसला. "एक डोस चुकवला नाही."

रमजानमध्ये या वॉर्डात असंच चाले. ते कुणी शिकवलं नव्हतं. शिकाऊ असताना यामिनानेही तोफेच्या आधी घाईघाईने बाटल्या लावल्या होत्या आणि मग सगळ्यांबरोबर सूप प्यायली होती.

परवा डोस तिनेच वाढवला होता. ख्मैसची किडनी काम करत नव्हती, पण यंत्र रात्रंदिवस त्याचं रक्त धूत होतं आणि रक्ताबरोबर औषधही धुऊन नेत होतं. नेहमीसारखा डोस कमी केला असता तर तो जंतूंना पुरला नसता. हिशेब तिने दोनदा तपासला होता. बरोबर होता. यंत्र चालू असेपर्यंत.

कालपासून औषध आत जात होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. साचलं की ते मेंदूवर चढतं, झटके आणतं.

तिने नळीची चिमटी बंद केली. थेंब थांबले.

"यंत्र बंद आहे हे तुला माहीत होतं," ती हळू म्हणाली.

"सगळ्यांनाच माहीत होतं." लसादने बशी खाली ठेवली. "डोस वाढवलाय हेही सगळ्यांना माहीत होतं. तुम्हीच लिहिलात, डॉक्टर."

"हो. मीच."

तो बाटलीकडे पाहत राहिला, मग यंत्राकडे. पुढे होऊन त्याने टॉवेल काढून घेतला.

"झटके थांबवायचं इंजेक्शन काढ," यामिना म्हणाली. "आणि यंत्रवाल्या मुन्सिफला फोन लाव. खालच्या डायलिसिसमधलं यंत्र वर आणून जोडायला सांग. आत्ताच्या आत्ता."

"मुन्सिफ घरी गेला. आत्ता कोण फोन उचलणार?"

"लाव."

तेवढ्यात तोफ झाली. काचा थरथरल्या. खाली रस्त्यावर एक माणूस नव्हता, एक गाडी नव्हती. लसादने मोबाइलचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला आणि इंजेक्शन आणायला धावला. पलीकडे रिंग वाजू लागली.

"का हो बंद केलंत ते?" मन्नूबियाने विचारलं. ती बाटलीकडे बोट दाखवत होती. "चालू द्या ना, पोरी. ते वाढवल्यावरच तर ह्यांना जाग आली."

यामिना नळीची चिमटी पुन्हा तपासू लागली.

मन्नूबिया तिच्या उत्तरासाठी थांबली नाही. तिने खांद्यावरची शाल ओढली, तिच्या काठाच्या दशा मोकळ्या केल्या आणि नवऱ्याच्या बोटांत दिल्या. "घ्या. रिकाम्या हातांनी किती वेळ मारणार?"

बोटं दशांवर आपटत राहिली. एकही दशा त्यांनी धरली नाही. आता डावा हातही सुरू झाला होता.

फोन वाजून बंद झाला. यामिनाने पुन्हा लावला.

नळी अडकवलेल्या चिकटपट्टीखाली ख्मैसच्या ओठाचा कोपरा वर ओढला गेला, सुटला, पुन्हा ओढला गेला.

मन्नूबिया त्याच्यावर वाकली. "बाई गं," ती म्हणाली, "हसतायत."