कानांत बोटं

भयकथेच्या पुरस्काराची रीतच अशी, की नाव न पुकारता सभागृहातले दिवे मालवून विजेत्या कथेचं पहिलं वाक्य वाचायचं. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतली ती दरवर्षी अंतिम फेरीतून हात हलवत परतायची; "यंदा नाही, तर लेखणी म्यान," तिने दादाला बजावलेलं. दिवे गेले. जन्माची अंधाराला भिणारी ती सवयीने डोळे मिटून, कानांत बोटं घालून बसली. उजेड झाला तेव्हा शेजारी बसलेला दादा तिच्याकडे बोट दाखवत होता आणि सगळे तिच्याकडेच पाहत होते. "कोण जिंकलं?" तिने विचारलं. दादा डोळे पुसत म्हणाला, "भित्री भागूबाई, तूच की." ती निवेदकाला म्हणाली, "मी ऐकलंच नाही. पुन्हा दिवे मालवता का?" तिने दोन्ही हात दादाच्या हवाली केले. अंधारात आवाज आला: "परवा वारलेल्या म्हाताऱ्याचं नळीतलं रक्त अजूनही कोमट होतं." मागच्या रांगेत कुणीतरी किंचाळलं आणि ती खुदकन हसली.