कड्यावरची शिडी

“सावकाश चढा, आई,” असं कौस्तुभ म्हणाला तेव्हा वत्सलाबाईंनी मान वर केली. पण तो बोलला होता सासूशी.

न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तंबू ठोकून दोन दिवस झाले होते आणि दोन्ही दिवस लेकाचं सगळं लक्ष विहीणबाईंकडे. जाड पांघरूण त्यांना, शेकोटीजवळची खुर्चीही त्यांनाच. आज तो सगळ्यांना प्युब्लो लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कड्याच्या कपारीत बांधलेली घरं दाखवायला घेऊन आला होता. वर जायला लाकडी शिडी होती. “तुम्ही जा, मी इथेच बरी,” म्हणत वत्सलाबाई सावलीत फुरंगटून बसल्या.

उतरायची वेळ आली तेव्हा विहीणबाई खाली बघून मागे सरकल्या. लेकीने, जावयाने समजावलं, तरी त्या शिडीला हात लावेनात. वत्सलाबाईंना आधी मनातून बरंच वाटलं. मग वरचा तो रडवेला चेहरा दिसला, तशी त्यांनी पदर खोचला आणि त्या सरसर वर चढल्या. “तुम्ही भिंतीकडे बघा. पाय मी ठेवते,” म्हणत त्यांनी एकेक पाऊल धरून विहीणबाईंना खाली आणलं.

“भीती वाटते, तर चढलात कशाला?”

विहीणबाई धापा टाकत दगडावर बसल्या. “तुमचा लेक दोन दिवस एकच सांगतोय. माझी आई अजून न थांबता शिवनेरी चढते, माझी आई कशालाच घाबरत नाही. म्हटलं, एकदा माझंही कौतुक होऊ दे.”

वत्सलाबाई त्यांना खेटून बसल्या. “माझ्यासमोर नाही हो बोलत,” त्या हळूच म्हणाल्या. “अजून काय काय म्हणतो?”