कागदाबाहेरची तपासणी

स्वतःच्या नातवाच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची नळी मोठे डॉक्टर हातानं प्रयोगशाळेत घेऊन आले. उजेडात धरून म्हणाले, "बघा, कसं निवळशंख आहे. साधा व्हायरल ताप. पेशी मोजा, साखर बघा, बास."

"लॅक्टेट करू का, डॉक्टर?" तंत्रज्ञ बाईनं विचारलं. "पाणी स्वच्छ दिसलं तरी जंतूंचा मेंदूज्वर त्यात आधी कळतो."

"कागदावर लिहिलंय तेवढंच करा. तुमचं आपलं दर वेळी नाकापेक्षा मोती जड."

दोन वर्षांपूर्वी अशाच नळीवर तिच्या लेकीचं नाव होतं. बोलही याच डॉक्टरांचे, हेच होते, आणि तिनं मान खाली घातली होती. लेक वाचली, कान गेले. आता आईनं मागून कितीही साद घातली, तरी वळत नाही.

पेशी भरल्या जेमतेम. साखर काठावर. तिनं कागद भरला. आता फक्त सही. कुणी बोट दाखवलं नसतं. सांगितलं तेवढं तिनं केलं होतं. ज्याचं पेरणं, त्याची कापणी.

नळीच्या तळाशी पाणी उरलं होतं थोडंसं, पानावर दव राहावं तेवढं. त्या नातवानं कुठं कुणाला काय म्हटलं होतं? चार वर्षांचं पोर.

तिनं पेन खाली ठेवलं आणि ते पाणी यंत्रात सोडलं.

आकडा आला तशी तिनं वॉर्डात फोन लावला. "डॉक्टर, लॅक्टेट सहा पूर्णांक दोन. साडेतीनच्या आत हवं होतं. हे जंतूच आहेत."

पलीकडे डॉक्टरांनी सिस्टरला हाक मारली. मग आरडाओरडा, पावलं, ट्रॉलीची चाकं. ती फोन कानाला लावून थांबली. सिस्टरचा आवाज आला, "अँटिबायोटिक सुरू केलं, सर."

"उपकार झाले, बाई," डॉक्टर म्हणाले.

"उपकार राहू द्या. नियम आहे. धोक्याचा आकडा ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचा."

"सहा पूर्णांक दोन."

"ऐकू आलं नाही."

"सहा... पूर्णांक दोन."

"ऐकू येत नाही, डॉक्टर. म्हणत राहा."

तिनं रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवला आणि सावकाश हात धुवायला गेली.