बगीच्यातला फोन

अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोक ऑपरेटर ललिताला नंबर नाही, नाव सांगत. वलगावहून घाबरा आवाज आला, "डॉक्टरीणबाई द्या, बाळंतीण अडली!" यादीतला नंबर ललितानं जोडला, पण घंटी नुसतीच वाजत राहिली. बाईंचे फोन दोन होते. हा संत्र्याच्या बगीच्यातल्या रिकाम्या बंगलीतला. तिनं दवाखाना जोडला अन् बाळंतीण सुखरूप सुटली. बंगलीचा नंबर तिनं यादीतून खोडला, तर नव्या यादीत पुन्हा हजर! यादी फोनसाठी केलेल्या अर्जांवरून बनते, म्हणून मूळ अर्जच घेऊन ती दवाखान्यात पोचली. "बाई, दोन्ही फोनले तुमचंच नाव हाये. मी कितीकदा खोडू?" "बगीच्यातल्याला राखणदाराचं नाव घाल, शेषरावचं," म्हणत बाईंनी हसून सही केली. नवी यादी छापली अन् शेषराव पेढे घेऊन आला. "पोरी, यादीत माहं नाव हाये म्हने, दाखव!" ललितानं त्याचं बोट त्या ओळीवर ठेवलं.