बिनफुलांच्या गायी

सप्टेंबर लागला की टिरोलच्या डोंगरातल्या त्या गावात बुर्गीच्या फोनला उसंत नसे. उन्हाळाभर वरच्या कुरणात चरलेल्या गायी सजूनधजून गावात उतरतात, तो दिवस साधायला शहरातली माणसं तिच्याकडे दोन दिवसांसाठी खोली घ्यायची. आज सकाळपासूनचा हा सहावा फोन.

"काकू, गायींच्या डोक्यावर फुलांचे मुकुट असतील ना? बायकोला फोटो काढायचेत."

"यंदा नाहीत हो. आमच्या गायी तशाच उतरणार."

"असं कसं? गेल्या वर्षीच्या फोटोत तर केवढाले होते!"

"उन्हाळाभर वर सगळे सुखरूप राहिले, तरच आम्ही मुकुट चढवतो. एक जरी गेला, तरी नाही." सकाळपासून तेच तेच सांगून बुर्गीचा आवाज बसला होता.

"अरेरे! गाय दगावली का?"

"छे. बत्तीसच्या बत्तीस धडधाकट आहेत. ऑगस्टमध्ये माझा नवरा हरवलेलं वासरू शोधायला कड्याकडे गेला. वासरू परत आलं."

"फार वाईट झालं हो, काकू." मग जरा घुटमळत त्याने विचारलं, "तुमच्या शेजाऱ्यांकडे... सगळे सुखरूप आहेत ना?"

 

बुर्गीने शेजारणीचा नंबर सांगितला. आता तो तिला वहीत बघावा लागत नव्हता.