हुबेहूब

चिनात्सू क्योटोतल्या एका गेम कंपनीत होती. तिने नव्या गेममधल्या नायकाची तलवार पाठीवरून काढून कमरेला खोचली, धार वर ठेवून, एकट्यानेच सराव करायची तलवारविद्या शिकवणारे तिचे बाबा आपल्या शिष्यांना दाखवतात अगदी तशी. बाबांचेच हात, बाबांचीच पावलं कॅमेऱ्याने टिपून तिने नायकाला दिली होती.

गेम तयार झाल्यावर तिने बाबांना खेळायला बसवलं. त्यांनी बटण दाबलं. नायकाने तलवार उपसली आणि एका वारात समोरच्याला आडवं केलं. बाबा कंट्रोलर ठेवून उठले आणि खोलीत येरझारा घालू लागले.

"काय चुकलं, बाबा? पकड? की पाऊल?"

"काही नाही गं. सगळं माझंच आहे."

"मग बसत का नाही?"

 

"जन्मभर हवेत वार केले, पोरी. तिथे माणूस उभा असतो, हे आज दिसलं."