भिंतीपलीकडचा सुतारपक्षी

"भिंतीपलीकडच्या बाईंच्या वाटेला जाऊ नका," किल्ली हातात ठेवता ठेवता घरमालक म्हणाले होते. "एकट्या असतात, ऐंशीच्या पुढे आहेत, पायांनी अधू. पण आधीचे भाडेकरू पेटी शिकत होते, ते दोन महिन्यांत पेटीसकट गेले." तिने कडेवरची मुलगी सावरली आणि ते हसण्यावारी नेलं. ऐंशीची बाई काय करणार होती?

पहिली टकटक झाली ती मंत्रपठणाच्या तिसऱ्या दिवशी.

पठण तिने हौसेने धरलं नव्हतं. मुलगी झाल्यापासून तिच्या छातीत सारखी धडधड असे. झोपलेल्या मुलीच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, हे ती तासाला चार-चार वेळा बघायची. सकाळी अकराला, मुलगी झोपल्यावर, मांडी घालून बारा ओळी म्हणायच्या. ती वीस मिनिटं तेवढी बोट नाकापाशी जात नसे. ही वीस मिनिटं ती कुणालाही देणार नव्हती.

दर बुधवारी ती दोन गल्ल्या सोडून ताईंकडे शिकायला जायची. ताई शेवटच्या ओळीपर्यंत मध्ये बोलत नसत. मग एवढंच सांगत, की पाठ झालंय, पण चार ठिकाणी श्वास मध्येच तुटतोय. घरी रोज म्हण, एकही दिवस चुकवू नको.

आणि घरी ही भिंत. चौथ्या ओळीला टकटक, सातव्या ओळीला पुन्हा. ती चिडली, पण थांबली नाही. छाती भरून श्वास घेतला आणि तीच ओळ परत म्हटली, एका दमात, ठणकावून. पलीकडे चिडीचूप. जिरली, असं मनाशी म्हणून ती पुढच्या ओळीवर गेली.

मग ते रोजचंच झालं. टकटक झाली, की तीच ओळ दुप्पट जोरात. नवऱ्याने बाईंचं नाव सुतारपक्षी ठेवलं. दोघं खूप हसले. पण हसून झाल्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, मनातल्या मनात म्हण की, देवाला ऐकू येतंच.

"देवाला येत असेल," ती म्हणाली. "मला नाही येत."

एकदा खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक दोघांना जिन्यात भेटले. त्या बाई विचारत होत्या, म्हणाले, की तुमचं रोज कितीला असतं. वेळ टिपून ठेवून तक्रार करणार, दुसरं काय! नवऱ्याने कपाळाला हात लावला. पुन्हा घर शोधत फिरायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

"सांगा त्यांना, बरोबर अकराला," ती म्हणाली. "एक मिनिट इकडेतिकडे नाही."

त्या दिवसापासून ती खरंच घड्याळ बघून बसू लागली. टकटक हळूहळू कमी होत गेली. चारावरून दोनावर आली, दोनावरून एकावर. दमली म्हातारी, असं नवऱ्याचं मत पडलं. ताईंकडेही शाबासकी मिळाली. श्वास बसत चाललाय, अशीच सुधारलीस तर महिनाअखेर सगळ्यांबरोबर सामूहिक पठणाला बसवेन, म्हणाल्या.

आणि एका रविवारी टकटक बंदच पडली. सोमवारीही नाही, मंगळवारीही नाही. तिने बाराच्या बारा ओळी न अडता म्हटल्या. मंगळवारी तर मुद्दाम भिंतीकडे तोंड करून म्हटल्या.

बुधवारी ती मुलीला घेऊन ताईंसमोर बसली ती लढाई मारून आल्यासारखी. म्हणून झालं.

"मागच्या बुधवारी एकाच ठिकाणी तुटत होता श्वास," ताई म्हणाल्या. "आज चारही ठिकाणी तुटला. घरी कुणी ऐकायला बसायचं का तुझ्याजवळ?"

"छे, कुणी नाही. उलट आता निवांत म्हणते. शेजारच्या बाई आधी भिंत ठोकायच्या. चौथ्या ओळीला ठोकायच्या, मग सातव्या, मग..."

बोटांवर मोजता मोजता ती चारावर थांबली.

"कधीपासून ठोकत नाहीत?" ताईंनी विचारलं.

तिने मुलीला ताईंच्या मांडीवर ठेवलं आणि घरमालकांना फोन लावला. ते आधीच वैतागले. आता कसली तक्रार वहिनी, म्हणाले, तीन दिवस झाले, त्या बिचाऱ्या हूं की चूं करत नाहीत.

"तक्रार नाही, काका. त्या मला शिकवतात. वर जा आणि दार वाजवा. नाही उघडलं तर तोडा."